एफपी बीकनवरचा होल्ड : डॅन-एअर १००८, टेनेरिफ, २५ एप्रिल १९८०

मँचेस्टरहून निघालेलं डॅन-एअरचं बोइंग ७२७, उड्डाण क्रमांक १००८, टेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर उतरायच्या बेतात होतं. १३८ प्रवासी, ८ कर्मचारी, विमान धडधाकट. ग्रीनिच वेळेनुसार दुपारी एक वाजून एकवीस मिनिटांनी ते ढगातच ला एस्पेरान्साच्या डोंगरावर, सुमारे ५,४५० फुटांवर, आदळलं. १४६ जणांपैकी एकही वाचला नाही.

या अपघाताची चर्चा बहुतेक वेळा कंट्रोलरच्या तोंडून न निघालेल्या एका अक्षरावर येऊन थांबते. ‘टर्न्स टु द लेफ्ट’ म्हणायला हवं होतं, तो ‘टर्न टु द लेफ्ट’ म्हणाला. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण तेवढ्यावर थांबलं की खरं दुखणं नजरेआड होतं. होल्ड म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात ठरलेल्या फेऱ्या मारत थांबणं. त्यात शिरताना विमानाचं पहिलं वळण कुठल्या बाजूला घ्यायचं, हे कंट्रोलर सांगतच नाही. ते वैमानिकाने स्वतःच्या हेडिंगवरून, म्हणजे विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे त्यावरून, काढायचं असतं. एफपी या रेडिओ बीकनवरच्या त्या होल्डची वळणं डावी होती, आणि त्यात शिरण्यासाठीचं पहिलं वळण मात्र उजवं होतं.

होल्ड म्हणजे नेमकं काय

मुंबईला पावसाळ्यात येणाऱ्यांना होल्ड अनुभवाने माहीत असतो. ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जोराची सर आली, एखाद-दोन विमानांनी गो-अराउंड घेतला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेली, की मागची रांग आकाशातच थोपवावी लागते. प्रवाशाला वाटतं, विमान गोल गोल फिरतंय. प्रत्यक्षात ते गोल फिरत नाही. मार्ग महालक्ष्मीच्या रेसकोर्ससारखा असतो : दोन सरळ बाजू आणि त्यांना जोडणारी दोन अर्धवर्तुळं.

सगळ्याचा खुंटा म्हणजे फिक्स. तो व्हीओआर किंवा एनडीबी बीकन (दोन्ही जमिनीवरून दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रं) असेल किंवा आजच्या काळात नकाशावरचा नुसता एक बिंदू असेल. फिक्सकडे *येणारी* सरळ बाजू ती इनबाउंड. फिक्स ओलांडला की अर्धवर्तुळ, मग उलट दिशेने जाणारी आउटबाउंड, मग पुन्हा अर्धवर्तुळ, आणि पुन्हा इनबाउंडवर. इनबाउंड बाजू जमिनीवरच्या एका ठरलेल्या रेषेवर उडायची असते, म्हणून नकाशावर तिचाच आकडा ठळक असतो. आउटबाउंड मात्र वाऱ्याचा अंदाज घेऊन जुळवून घ्यायची असते.

वळणं उजवी असतील तर तो स्टँडर्ड होल्ड. डावी असतील तर तसं चार्टवर छापलेलं असतं किंवा कंट्रोलर स्पष्ट सांगतो. १४,००० फुटांपर्यंत सरळ बाजू एक मिनिटाची, त्यावर दीड मिनिटाची. वेगाची मर्यादाही उंचीनुसार बदलते : आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जेट विमानांना १४,००० फुटांपर्यंत २३० नॉट, त्यावर २०,००० पर्यंत २४०, आणि ३४,००० पर्यंत २६५. वळताना २५ अंशांचा बँक (पंखांचा कल) किंवा सेकंदाला ३ अंशांचं वळण, यांपैकी ज्याला कमी बँक लागेल ते घ्यायचं.

हे ‘ज्याला कमी बँक लागेल’ प्रकरण जरा उलगडून बघण्यासारखं आहे, कारण पाठ्यपुस्तकातला चार मिनिटांचा होल्ड इथेच मोडतो. लहान विमान सेकंदाला ३ अंशांनी वळतं, अर्धवर्तुळाला एक मिनिट लागतं, चार बाजू मिळून चार मिनिटं. जेटला ते परवडत नाही. ६,००० फुटांवर वेगदर्शक २३० नॉट दाखवत असेल तर हवेतला खरा वेग २५० च्या आसपास असतो. तेवढ्या वेगाला २५ अंशांचा बँक दिला की विमान सेकंदाला जेमतेम २ अंश वळतं. अर्धवर्तुळाला ८८ सेकंद. त्याची रुंदी सुमारे ३.९ नॉटिकल मैल, म्हणजे सात किलोमीटरांच्याही वर. पूर्ण फेरी जवळपास पाच मिनिटांची. सपाट प्रदेशावर हे सात किलोमीटर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. डोंगराळ बेटावर येतात.

लोस रोदेओस, त्या दुपारी

विमानतळ समुद्रसपाटीपासून २,०७३ फुटांवर, दोन उंचवट्यांच्या मधल्या खिंडीत. ढग आणि धुकं नेहमीचंच. तीन वर्षांपूर्वी, २७ मार्च १९७७ रोजी, याच धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली होती. १९८० मध्येही कंट्रोलरपुढे रडार नव्हतं. विमान कुठे आहे, हे त्याला वैमानिक जे सांगेल त्यावरूनच कळायचं.

उत्तरेकडून येणाऱ्या विमानाने आधी टीएफएन व्हीओआर गाठायचा, तिथून २५५ अंशांच्या (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या) रेडियलवर म्हणजे जवळजवळ पश्चिमेला निघायचं, विमानतळाच्या वायव्येला असलेल्या एफपी या एनडीबी बीकनवर यायचं आणि तिथून १२ क्रमांकाच्या धावपट्टीसाठी उतरायचं. उत्तरेला समुद्र. दक्षिणेला जमीन चढत जाते, आणि बेटाच्या मध्यभागी १२,००० फुटांहून उंच तेइदे ज्वालामुखी उभा आहे. त्या डोंगराळ बाजूला किमान सुरक्षित उंची १४,५०० फूट होती. डॅन-एअर फ्लाइट लेव्हल ६० ला, म्हणजे साधारण ६,००० फुटांवर होतं. थोडक्यात, एफपीच्या उत्तरेला ६,००० फूट म्हणजे निवांत उंची, आणि दक्षिणेला तीच उंची म्हणजे डोंगराच्या पोटात.

आधी कंट्रोलरने विलंब होणार नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे कॉकपिटमध्ये तयारी थेट उतरण्याची होती. पण पुढे इबेरियाचं एक फोकर एफ-२७ त्याच धावपट्टीला निघालं होतं, आणि ते संथ होतं. दोघांत अंतर पडावं म्हणून कंट्रोलरने डॅन-एअरला एफपीवर थांबवायचं ठरवलं. बीकन जेमतेम मिनिटभरावर असताना निरोप आला. आशय असा : एफपीवरचा स्टँडर्ड होल्ड, इनबाउंड हेडिंग १५०, डावीकडे वळण, थोड्या वेळात पुन्हा बोलतो.

या निरोपात काय होतं आणि काय नव्हतं ते पाहा. फिक्स होता. इनबाउंड होती. वळणाची बाजू होती, पण संदिग्ध. सरळ बाजू किती मिनिटांची, ते नव्हतं. होल्डमधून किती वाजता सुटका होईल, ते नव्हतं. आणि ज्याला तो ‘स्टँडर्ड’ म्हणत होता तो होल्ड वैमानिकांच्या चार्टवर छापलेलाच नव्हता. वर डावा होल्ड हा वैमानिकाच्या भाषेत स्टँडर्ड नसतोच. वैमानिकाने ‘रॉजर’ म्हटलं. आकडे परत वाचून दाखवले गेले नाहीत, आणि कंट्रोलरनेही ते मागितले नाहीत.

पहिलं वळण कुठे

होल्डमध्ये शिरायचे तीन प्रकार आहेत आणि कुठला घ्यायचा हे फक्त एका गोष्टीवर ठरतं : फिक्सवर पोहोचताना विमानाचं नाक कुठे आहे. इनबाउंडशी ७० अंशांचा कोन करणारी रेषा फिक्समधून काढायची. तिने आणि इनबाउंडच्या रेषेने मिळून तीन विभाग पडतात : १८० अंशांचा डायरेक्ट, ११० अंशांचा पॅरलल आणि ७० अंशांचा टियरड्रॉप. सीमेच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांची सूट असते.

कॉकपिटमध्ये कागद काढून रेषा कोणी मारत नाही. हेडिंग दाखवणाऱ्या यंत्राकडे बघायचं आणि आउटबाउंडचा आकडा शोधायचा. होल्ड डावा असेल आणि आउटबाउंडचा आकडा आपल्या नाकाच्या *उजवीकडे* ११० अंशांच्या आत असेल, तर पॅरलल. *डावीकडे* ७० अंशांच्या आत असेल, तर टियरड्रॉप. या दोन्हीत नसेल तर डायरेक्ट. उजव्या होल्डला डावं-उजवं अदलाबदल करायचं, बाकी नियम तोच. शिकाऊ वैमानिक अंगठा यंत्रावर तिरका धरून हेच करतात, आणि परीक्षेपुरतं नव्हे तर आयुष्यभर करतात.

आता डॅन-एअर १००८ ला हाच नियम लावू. हेडिंग २५५. इनबाउंड १५०, म्हणजे आउटबाउंड ३३०. २५५ वरून ३३० कुठे आहे? उजवीकडे ७५ अंशांवर. होल्ड डावा. उत्तर : पॅरलल, आणि सीमेपासून चांगलं दूर, वादाला जागा नाही.

पॅरलल एन्ट्री इथे अशी उडाली असती. एफपीवर पोहोचताच *उजवीकडे* वळून ३३० धरायचं, म्हणजे समुद्राच्या दिशेने. एक मिनिट सरळ जायचं. मग पुन्हा उजवीकडे लांब वळण घ्यायचं, ३३० वरून उत्तर, पूर्व, दक्षिण असं फिरत साधारण १९५ पर्यंत, एकंदर २२५ अंश. त्या हेडिंगवर इनबाउंडची रेषा ४५ अंशांत कापली जाते. ती आली की डावीकडे वळून १५० धरायचं आणि एफपीवर यायचं. होल्डचं पहिलं डावं वळण यानंतर, फिक्स दुसऱ्यांदा ओलांडल्यावर. म्हणजे होल्ड डावा असूनही शिरतानाची दोन्ही मोठी वळणं उजवी. पॅरलल एन्ट्री नवशिक्याला उलटी वाटते ती याचमुळे.

आणखी एक शक्यता तपासून बघायला हवी. समजा, कंट्रोलर नीट ‘टर्न्स’ म्हणाला असता आणि वैमानिकांना डावा होल्ड आहे हे पक्कं समजलं असतं. पण घाईत त्यांनी डायरेक्ट एन्ट्री समजून, फिक्सवरून होल्डच्याच बाजूने, म्हणजे डावीकडे आउटबाउंडला वळायला घेतलं असतं, तर? २५५ वरून डावीकडे ३३० गाठायला २८५ अंश वळावं लागतं. त्या वाटेत विमान २५५ वरून दक्षिणेला, मग १५० ला, मग पूर्वेला वळतं. सात किलोमीटर रुंदीचं ते वळण पुन्हा त्याच डोंगराळ बाजूला जातं. म्हणून एका अक्षरावर सगळं खापर फोडणं आम्हाला पटत नाही. अक्षर बरोबर असतं तरी एन्ट्री डोक्यात काढायची होतीच, आणि त्यासाठी हातात मिनिटभरच होतं.

प्रत्यक्षात काय झालं

कॅप्टनला हा होल्ड विचित्र वाटला आणि तसं तो बोललाही. सहवैमानिकानेही दुजोरा दिला की तो धावपट्टीला समांतर वगैरे काही नाही. शंका दोघांच्या मनात होती, पण ती रेडिओवर आली नाही. बीकनवर पोहोचल्यावर सरळ डावीकडे १५० ला वळायचं, असं कॅप्टनने ठरवलं. निरोपातले शब्द एक सूचना म्हणून वाचले तर हाच अर्थ निघतो : २५५ वर आहात, डावीकडे वळा, १५० धरा. १०५ अंशांचं साधं वळण. इंग्रजीत ते पूर्ण वाक्य म्हणून चालून जातं, हाच त्यातला सापळा.

विमान एफपीच्या डोक्यावरूनही गेलं नाही. ते बीकनच्या दक्षिणेकडून, सुमारे दीड किलोमीटर अंतरावरून गेलं. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण होल्डची सगळी भूमिती फिक्सच्या बिंदूवरून मोजलेली असते, आणि इथे दीड किलोमीटरची चूक नेमकी चुकीच्या बाजूला झाली होती. होल्ड घेत असल्याचं वैमानिकांनी कळवलं. रडार नसलेल्या कंट्रोलरने ते जसंच्या तसं धरून चाललं. त्याच्या डोळ्यांपुढे विमान एफपीच्या वायव्येला, समुद्राच्या बाजूला होतं. प्रत्यक्षात ते डावीकडे वळून आग्नेयेला, बेटाच्या आत चाललं होतं.

इथे एक साधी तपासणी आहे, तिला एक सेकंदही लागत नाही. इनबाउंड म्हणजे फिक्सकडे. इनबाउंडच्या हेडिंगवर विमान असेल तर एडीएफची, म्हणजे बीकनची दिशा दाखवणाऱ्या यंत्राची, सुई *पुढे* दाखवायला हवी. १५० वर वळत असताना एफपी मागे राहिलेला असेल, तर हा इनबाउंड असूच शकत नाही. तो आकडा बरोबर आहे, दिशा बरोबर आहे, पण विमान रेषेच्या चुकीच्या टोकाला आहे. कॅप्टनने वळणात असतानाच १५० हा इनबाउंडचाच आकडा होता ना, असं विचारलं. म्हणजे शंका त्याच जागेवर आली होती, फक्त उशिरा.

एवढ्यात कंट्रोलरने ५,००० फुटांपर्यंत उतरायची परवानगी दिली. त्याच्या मनातल्या चित्रात ती बरोबरच होती. विमान उतरू लागलं. मग जमिनीची सूचना देणारी यंत्रणा, जीपीडब्ल्यूएस, वाजली. त्या पिढीची यंत्रणा रेडिओ अल्टिमीटरवर चालायची, म्हणजे फक्त खाली बघायची. पुढे काय आहे हे तिला ठाऊक नसे. जमीन वेगाने वर येताना दिसली की ती ओरडायची. इथेही ती ओरडली, आणि विमान एका दरीवरून जाताना खालची जमीन पुन्हा खोल गेली तशी गप्प झाली. वळण सोडून विमान उजवीकडे घेण्यात आलं. डोंगराकडे नेलं जातंय हे कॅप्टनच्या लक्षात आलं होतं, त्यामुळे दिशा बदलायची त्याची ऊर्मी समजण्यासारखी आहे. पण जमिनीच्या इशाऱ्याला एकच उत्तर असतं : पंख समतल, नाक वर, इंजिनं पूर्ण जोरात. तीव्र बँक घेतला की लिफ्टचा (पंखांना वर उचलणाऱ्या बलाचा) मोठा वाटा विमान वळवण्यात खर्च होतो आणि चढाई तेवढी कमी होते. विमान डोंगरावर आदळलं तेव्हा टीएफएन ओलांडून तीन मिनिटंही झाली नव्हती.

दोन देशांचे दोन निष्कर्ष

स्पेनच्या तपास अहवालाने कारण असं नोंदवलं : कॅप्टनने उंची विचारात न घेता विमान अतिउंच जमिनीच्या क्षेत्रात नेलं आणि जमिनीपासूनचं सुरक्षित अंतर राखलं नाही. ब्रिटनच्या तपास यंत्रणेने स्वतंत्र टिपणी जोडून तीन गोष्टींवर बोट ठेवलं. होल्डची माहिती संदिग्ध होती आणि तिच्यामुळे वैमानिकांचा दिशेचा अंदाज थेट बिघडला. त्या होल्डसाठी किमान सुरक्षित उंची काढलेलीच नव्हती. आणि टीएफएनकडून येऊन त्या होल्डमध्ये शिरायचा मार्गच व्यवहार्य नव्हता.

यातला दुसरा मुद्दा आमच्या मते सगळ्यात वजनदार. छापील होल्डच्या आकृतीमागे बरंच काम असतं. तिन्ही विभागांतून शिरणारी विमानं, वाऱ्याने ढकललेली विमानं, फिक्स थोडा चुकलेली विमानं, या सगळ्यांना पुरेल एवढं क्षेत्र आखलं जातं. त्यातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर किमान ३०० मीटर मोकळी हवा ठेवली जाते, डोंगराळ भागात ६०० मीटरपर्यंत. त्या क्षेत्राबाहेर आणखी ५ नॉटिकल मैलांची पट्टी असते, तिथेही मोकळीक असते, ती बाहेर जाताना कमी होत जाते. यातून एक आकडा निघतो : किमान होल्डिंग उंची. तो चार्टवर असता तर एन्ट्री चुकूनही विमान वाचण्याची शक्यता होती, कारण चूक करणाऱ्यासाठीच तर ते क्षेत्र एवढं मोठं आखतात. तोंडी सांगितलेल्या, न आखलेल्या होल्डला ही उशीच नसते.

असा निरोप आज आला तर

छापील नसलेला होल्ड आजही मिळतो. निरोप आला की पहिलं काम वेग कमी करणं. फिक्सच्या तीन मिनिटं आधी वेग होल्डच्या मर्यादेकडे आणायला घ्यावा, म्हणजे वळणाची रुंदी आवाक्यात राहते. दुसरं, निरोप कागदावर उतरवून परत वाचून दाखवणं : फिक्स, इनबाउंड, वळणांची बाजू, सरळ बाजूचा वेळ किंवा अंतर, उंची, आणि पुढची परवानगी किती वाजता अपेक्षित आहे ती वेळ. यातलं जे आलं नाही ते मागून घ्यायचं. शेवटची वेळ इंधनाच्या हिशेबासाठी लागते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्ककडे येणारं एव्हियांका ५२ तीन वेगवेगळ्या होल्डमध्ये मिळून १ तास १७ मिनिटं थांबलं आणि शेवटी इंधन संपून कोव्ह नेक गावात कोसळलं. ७३ जण गेले.

फिक्सवर पोहोचेपर्यंत एन्ट्री ठरली नसेल, तर होल्ड स्वीकारायचाच नाही. ‘सध्याच्या हेडिंगवर राहू द्या’ किंवा ‘समुद्राच्या बाजूला हेडिंग द्या’ असं सांगायचा वैमानिकाला पूर्ण हक्क आहे. चार्टवरच्या किमान सुरक्षित उंचीखाली असताना तर तेच बरोबर.

होल्ड लागल्यावर खरी कसरत वाऱ्याशी असते. इनबाउंडवर रेषा धरायला नाक ५ अंश उजवीकडे ठेवावं लागत असेल, तर आउटबाउंडवर साधारण तिप्पट, १५ अंश, डावीकडे द्यावे लागतात, कारण दोन्ही वळणांत वारा विमानाला ढकलतो आणि तिथे दुरुस्ती करता येत नाही. आउटबाउंडचं घड्याळ फिक्सच्या बाजूला आल्यावर किंवा पंख समतल झाल्यावर सुरू करायचं, जे नंतर होईल तेव्हा. पहिल्या फेरीत इनबाउंडला ४५ सेकंद लागले तर पुढच्या फेरीत आउटबाउंड पंधरा-वीस सेकंदांनी वाढवायची. तीन फेऱ्यांत आकार बसतो, आणि तोवर बहुधा उतरायची परवानगी आलेली असते.

आता हे सगळं एफएमसी, म्हणजे विमानाचा मार्ग सांभाळणारा संगणक, करतो, एन्ट्रीसुद्धा निवडतो. नवीन विमानांत जमिनीचा नकाशा स्मरणात ठेवून पुढे बघणारी यंत्रणाही असते. ती १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. तरी एक जुनी खोड शिल्लक आहे. बोइंग ७३७ च्या एफएमसीत डेटाबेसमध्ये नसलेला होल्ड टाकला, की तो वळणं उजवी धरतो आणि विमान ज्या दिशेने फिक्सकडे चाललं आहे तीच इनबाउंड धरतो. एफपीवरचा होल्ड असा भरला तर पडद्यावर इनबाउंड २५५ आणि वळणं उजवी दिसतील. दोन्ही आकडे हाताने बदलावे लागतात. एक्झिक्यूटचं बटण दाबण्याआधी दुसऱ्या वैमानिकाने कागदावरच्या निरोपाशी पडदा ताडून बघायचा : इनबाउंड १५०, वळणं डावी, आणि नकाशावर आखलेली पहिली रेषा फिक्सवरून उजवीकडे, ३३० ला, समुद्राकडे जाते का.